भय आणि भॉक्

माझ्या तीन कादंबऱ्यांत मिळून दोन भुते आहेत. त्यांपैकी एकालाही आजवर कोणी भ्यालेले नाही. पहिले भूत पडक्या विहिरीच्या काठावर बसते; ते प्रकरण वाचून एका वाचकाने मला लिहिले होते, "आपले भूत फार सज्जन वाटले." तेव्हापासून माणसाला भीती घालायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही. म्हणून ज्यांनी भयाचा धंदा करून पिढ्या पोसल्या, त्यांच्या दारात जाण्याचा योग आला तेव्हा मी तिथे वही-पेन्सिल घेऊन गेलो.

योग मात्र चांगला नव्हता. आमचे भाऊजी त्या जानेवारीत गेले. भाची कॅलिफोर्नियात असते. "मामा, आईला घेऊन ये," असा तिचा लकडा होता, आणि आक्काला एकटीने विमानात बसायचा धीर नव्हता. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली तसा मी तिला घेऊन गेलो. एका रविवारी भाचीने आम्हां दोघांना अॅनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये नेले. "वर्ष सरलं नाही नि जत्रेत कसली मिरवू?" असे आक्का गाडीत दोनदा म्हणाली. पण लेकीच्या घरी आईची सत्ता चालत नाही.

या प्रकारच्या करमणुकीचे कूळ पाहिले तर ते रशियात सापडते. तिथे सतराव्या शतकापासून हिवाळ्यात लाकडाची उंच उतरंड उभारून तिच्यावर पाणी ओतीत; पाणी गोठले की त्यावरून घसरत येण्याची मौज. पुढे १८१७ साली पॅरिसात चाकांच्या गाड्यांच्या घसरणी निघाल्या, आणि गाडी उसळून पडू नये म्हणून चाकांचे आस बाजूच्या खाचेत धरून ठेवलेले होते. फ्रेंच लोक रोलर कोस्टरला अजूनही 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. धाडसाची कबुली दुसऱ्याच्या नावावर द्यावी, हा मनुष्यस्वभावच असावा.

अमेरिकेत हा खेळ रुजविला तो लामार्कस थॉम्प्सन याने, १८८४ साली, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकाठी. सहाशे फुटांचा मार्ग, ताशी सहा मैलांचा वेग, भाडे पाच सेंट. ताशी सहा मैल म्हणजे आमच्या शाळेची घंटा झाल्यावर मुले याहून वेगाने बाहेर पडतात! तरीही लोकांनी रांगा लावल्या. त्यानंतर उंची वाढत गेली, ती वाढण्यामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. जॉन मिलर नावाच्या कारागिराने १९१९ च्या सुमारास रुळाच्या वर चालणाऱ्या चाकांच्या जोडीला रुळाच्या खालूनही चाके बसविली. आता गाडीने कितीही उसळी घेतली तरी ती रूळ सोडू शकेना. झाले! लगेच उतार अधिक उभे झाले. कोनी आयलंडवरचे 'सायक्लोन' हे १९२७ साली उभे राहिलेले पंचाऐंशी फूट उंचीचे लाकडी धूड अजून चालू आहे, ते या खालच्या चाकांच्या जिवावर. भीती वाढविण्यासाठी आधी खात्री वाढवावी लागली.

हे वाचताना मला आपल्या तात्यासाहेब केळकरांची आठवण झाली. १९२१ सालच्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी वाङ्मयाच्या आनंदाला 'सविकल्प समाधी' असे नाव दिले. वाचक दुसऱ्याच्या सुखदुःखात बुडतो, पण आपण आपल्याच ओसरीवर बसलो आहोत हे भान त्याला सुटत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे. समीक्षेचे शास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही, तेव्हा पंडितांनी क्षमा करावी. पण मांडीवर आडवा येणारा तो लोखंडी दांडा म्हणजे केळकरांचा 'विकल्प' आहे, असे मला त्या दिवशी लख्ख वाटले. दांडा काढा, मग ती करमणूक नव्हे, अपघात.

डिस्नेलँडमधल्या 'मॅटरहॉर्न'वर मी बसलो. पोलादी नळ्यांच्या रुळांवरचा हा पहिला रोलर कोस्टर, १९५९ सालचा. भ्यालो, हे कबूल करतो. पण ते भिणे माझे नव्हते, माझ्या पोटाचे होते. खाली उतरल्यावर पाच मिनिटांत पोट विसरले, मीही विसरलो. या जातीच्या खेळाला मी खोटे म्हणणार नाही. त्याचे मोल कुस्तीसारखे आहे, कथेसारखे नाही.

कथा सांगण्याचा प्रयत्नही या धंद्यात फार जुना आहे. मॅक्सिम गॉर्की १९०६ साली अमेरिकेत गेला होता. 'आई' कादंबरीचा बराच भाग त्याने तिथेच लिहिला. त्याने कोनी आयलंड पाहिले आणि त्यावर जो लेख लिहिला त्याचे नावच मुळी 'कंटाळा'. समुद्रावरून दिसणाऱ्या दिव्यांच्या नगरीने तो आधी भारून जातो, आणि जवळ जाताच त्याचा विरस होतो. तिथे एक नरक मांडलेला होता, कागदाच्या लगद्याचा, तांबडा रंग फासलेला. नवी टोपी घालून आरशात पाहणाऱ्या पोरीला सैतानाचे चेले उचलून नेतात, असा एकूण बोध. गॉर्कीला त्या नरकाची भीती वाटली नाही, त्या प्रवचनाचा वीट आला. मास्तर या नात्याने मला हे झोंबले. छडी दाखवून घातलेल्या भीतीत रस नसतो, फक्त शिस्त असते, आणि तीही तास संपेपर्यंत. योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच कोनी आयलंडवरच्या 'ड्रीमलँड' बागेत 'हेल गेट' म्हणजे नरकद्वार नावाचा खेळ होता. २७ मे १९११ च्या पहाटे त्याची डागडुजी चालू असताना डांबराने पेट घेतला आणि सगळी बाग जळून गेली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

डिस्नेलँडच्या 'हॉन्टेड मॅन्शन'मध्ये, म्हणजे भुतांच्या वाड्यात, असा बोध काही नाही, आणि हाच त्याचा पहिला गुण. वाड्याची बाहेरची इमारत १९६३ सालीच उभी होती. तो उघडला ९ ऑगस्ट १९६९ रोजी. मधल्या काळात, १९६६ च्या डिसेंबरात, वॉल्ट डिस्ने वारले, आणि वाडा कसा असावा याबद्दल मागे राहिलेल्यांत दोन मते पडली. क्लॉड कोट्सला तो भीषण हवा होता, मार्क डेव्हिसला तो विनोदी हवा होता. शेवटी दोघांचेही ठेवले. पहिला अर्धा भाग कोट्सचा, दुसरा डेव्हिसचा. दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या कादंबरीचे काय होते ते आपण जाणतो.

पण तो पहिला अर्धा भाग! आठ कोनांच्या एका खोलीत आपल्याला उभे करतात. दार दिसेनासे होते. भिंतीवर चार तसबिरी. एकीत छत्री घेतलेली एक नाजूक तरुणी. हळूहळू भिंती लांबू लागतात, तसबिरी खालच्या बाजूने वाढू लागतात, आणि ती तरुणी दोरावर उभी असून खाली मगर आ वासून आहे, हे दिसते. गंमत पाहा : ती खोली म्हणजे मुळात लिफ्ट आहे. वाड्याचा मोठा भाग बागेभोवतीच्या आगगाडीच्या रुळांपलीकडे आहे, आणि माणसांना रुळांखालून तिकडे न्यायचे आहे. जिना उतरण्याची अडचण होती, तिचे त्यांनी पहिले प्रकरण केले. कादंबरीत पात्राला एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचे झाले की मी 'दुसऱ्या दिवशी सकाळी' असे लिहून मोकळा होतो. त्या खोलीत उभे राहून मला माझ्या त्या सगळ्या सकाळींची लाज वाटली.

पुढे तिघांना पुरेल अशा काळ्या शिंपल्यासारख्या गाडीत बसायचे. गाडी आपले तोंड हवे तिकडे वळविते, म्हणजे काय पाहायचे आणि काय नाही हे लेखकाच्या हाती राहते. एक लांब बोळ, त्यात अधांतरी मेणबत्त्या. बंद दारे, आणि ती श्वास घेतल्यासारखी फुगतात. घड्याळ तेराचे ठोके देते. या सगळ्यात अंगावर कोणी येत नाही. दारामागे काय आहे ते दाखवीत नाहीत. दार मात्र हलते.

मग मेजवानीचे दालन, आणि तिथे विनोद सुरू होतो. भुते जेवतात, नाचतात, विरळ होतात, पुन्हा दिसतात. ही करामत जुनी आहे. १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर यांनी ती रंगमंचावर आणली. मोठी काच आणि आडबाजूला ठेवलेल्या आकृत्यांचे प्रतिबिंब. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटते, म्हणून त्या नाचात पुढाकार बायकांकडे दिसतो. मी वहीत टिपले : 'येथे भय संपते. रचना सैल.' शेजारी आक्का म्हणाली, "बरं चाललंय की यांचं."

मी तिच्याकडे पाहिले. गेल्या पाच महिन्यांत तिच्या तोंडून कशाबद्दलही 'बरं' हा शब्द आलेला नव्हता.

शेवटी आरसे लागतात. आरशात आपली गाडी दिसते आणि आपल्यामध्ये एक भूत येऊन बसलेले दिसते. सगळे ओरडतात, हसतात. आक्का थोडी सरकली. एस्. टी.त कोणी येऊन उभे राहिले की सरकतात, तशी. बाहेर आल्यावर मी वहीतले ते वाक्य खोडले नाही, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.

दोन वर्षांनी पुन्हा जाणे झाले. भाचीच्या बाळंतपणासाठी आक्काला जायचे होते आणि मला दिवाळीची सुट्टी होती. ऑक्टोबर अखेरीचे तिकडचे दिवस हॅलोविनचे. ३१ ऑक्टोबरची ही रात्र मूळची ख्रिस्ती संतांच्या सणाची पूर्वसंध्या; आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी ती अमेरिकेत वाढविली. घरोघर कोरलेले भोपळे आणि त्यांत दिवे. धनत्रयोदशीला आक्काने कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावला, तो शेजारच्या भोपळ्यापासून चार पावलांवर. शेजारणीला त्यात काही वेगळे वाटले नाही.

या दिवसांतल्या भीतीचा बाजार मात्र मोठा आहे. शाळा सुरू झाल्या की बागा ओस पडतात. ते महिने भरून काढण्याचा हा उपाय. 'नॉट्स बेरी फार्म' या बागेने १९७३ साली तो सुरू केला. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ साली तीन रात्री करून पाहिला, आणि त्या तीन रात्रींचे आता आठवडे झाले आहेत. अंधाऱ्या बोळांतून प्रेक्षक चालत जातो आणि मुखवटे घातलेली माणसे त्याच्यावर झेप घेतात. इथे गाडी नाही, दांडा नाही.

भाचीच्या गावाबाहेर एका शेतावर असा तात्पुरता मांडव घातलेला होता. जावई आम्हाला घेऊन गेले. पंधरा मिनिटांत मी अकरा वेळा दचकलो, मोजून. आणि एकदाही भ्यालो नाही. मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत ते उगीच नव्हे. दचकणे हे मानेचे काम, भिणे हे मनाचे. लहान पोर दाराआडून 'भॉक्' करते, त्याने आपण दचकतो. त्या पोराला कोणी कथाकार म्हणत नाही. दचका मागचे-पुढचे काही मागत नाही. भयाला पूर्वी काहीतरी घडलेले असावे लागते आणि पुढे काहीतरी घडण्याची शक्यता लागते. म्हणूनच अकराव्या 'भॉक्'ला मला कंटाळा आला, गॉर्कीचाच कंटाळा.

एका कोपऱ्यात हातात खोटी करवत घेतलेला एक मुलगा आमच्यावर धावून आला. आक्का ओरडली नाही. तिला करवत नीट दिसलीच नसावी. तो मुलगा तसाच उभा राहिला. मुखवट्याच्या भोकांतून त्याचे डोळे दिसत होते. ते डोळे मी रोज वर्गात पाहतो : कविता म्हणून झाली आहे आणि मास्तर काही बोलत नाहीत. यंत्राला आपल्या किंकाळीची गरज नसते, या मुलाला होती. मी घाईघाईने ओरडलो. सगळ्या खेळात मनापासून दाद दिली ती एवढीच.

यावर कोणी म्हणेल, की करमणुकीला इतके तोलायचे कशाला? त्याला मी न्यू जर्सीची गोष्ट सांगेन. ११ मे १९८४ रोजी तिथल्या एका मोठ्या बागेतल्या भुतांच्या किल्ल्याला आग लागली. मालवाहू ट्रेलर जोडून तो केलेला, आगीवर पाणी शिंपडणारी योजना नाही. आठ मुले गेली, सगळी शाळकरी वयाची. रुळाखालचे ते चाक तिथे कोणी बसविलेलेच नव्हते.

त्याच सहलीत वाडाही पुन्हा पाहिला. २००१ सालापासून सप्टेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत त्याला दुसरे रूप देतात. १९९३ च्या एका चित्रपटात हॅलोविनचा राजा जॅक नाताळ साजरा करायला निघतो. ती पात्रे वाड्यात येऊन राहतात. सगळीकडे मेणबत्त्या, भोपळे, आणि नाचाच्या दालनात मोठे आल्याच्या केकचे घर, दर साली नवे. कारागिरी उत्तम आहे. पण मूळ वाड्यात जी पोकळी होती, तिथे आता सामान आहे. दाराआड कोण आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असते. त्याचे नाव जॅक. मूळ संहिता पाठ असलेल्याला हे भाष्य वाचायला मजा येईल. नवख्याने इथून सुरुवात करू नये.

बाहेर आल्यावर मी आक्काला विचारले, कसे वाटले. ती चपला नीट करीत होती.

"घर तेच आहे," ती म्हणाली, "पण माणसं दुसरी राहायला आलीत."

मग जावयांकडे वळून, पुढच्या खेपेला तिकिटे काढाल तर मे महिन्याची काढा, असे तिने त्यांना सांगितले.