मुंबईची कृष्णधवल छायाचित्रे

मुंबईचे वर्णन करण्याची हौस मराठी लेखणीस फार जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचा 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. आणि तेव्हापासून ह्या नगरीने गद्यकारांस व शाहिरांस सारखेच आपल्याकडे ओढून घेतले आहे. विशेष हे की, मुंबईवरील ज्या दोन लावण्या महाराष्ट्राच्या कानांत बसल्या, त्या दोहोंचे कर्ते आमच्या एकाच वाळवे तालुक्यातले. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी नगरीचा थाटमाट दिपलेल्या डोळ्यांनी पाहिला. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांनीही तीच नगरी पाहिली, परंतु मलबार टेकडीच्या वैभवाशेजारी परळचे कष्ट मांडून पाहिली. पहिली लावणी रंगीत चित्रासारखी आहे, दुसरी काळ्यापांढऱ्या चित्रासारखी. रंगाने डोळा सुखावतो. प्रकाश व छाया ह्यांच्या विरोधाने तो विचारात पडतो. मुंबईचे दैनंदिन जीवन टिपणाऱ्या कृष्णधवल छायाचित्रांचा परामर्श घेताना हा भेद आम्हांस मार्गदर्शक वाटतो.

छायाचित्रणाची कला मुंबईत लवकर आली. १८५४ साली तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी ह्यांच्यासारखे आपले लोकही त्या कलेत आरंभापासून होते. परंतु ह्या कलेने मुंबईच्या माणसाकडे प्रथम कोणत्या दृष्टीने पाहिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. माडगांवकरांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी विल्यम जॉन्सन ह्यांनी मुंबईतील रहिवाशांच्या जातीजमातींच्या छायाचित्रांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक चित्रांत माणसे चित्रशाळेत उभी करून टिपलेली आहेत, आणि मागचा देखावा निराळ्या चित्रातून आणून त्यांस जोडलेला आहे. माणूस एकीकडचा, नगर दुसरीकडचे! त्या माणसास नाव नाही. तो अमुक जातीचा नमुना म्हणून तेथे उभा आहे. नगराच्या छायाचित्रणातील हा मूळ दोष होय, आणि पुढील काळातील चित्रांची परीक्षा करताना हा दोष कितपत गेला, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते.

हा दोष केवळ परक्यांचा होता असे मात्र कोणी समजू नये. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या भिंतींवर मुंबईहून आलेले जे फोटो दिसतात, ते नीट पाहावे. पाटण, जावळी, खटाव, माण, शिराळा ह्या तालुक्यांतून गिरणीत वा गोदीत कामास गेलेला तरुण पहिल्या पगारानंतर स्टुडिओत जाई, इस्त्रीचा सदरा घाली, आणि रंगवलेल्या पडद्यापुढे उभा राही. पडद्यावर संगमरवरी जिना किंवा कारंजे असे. ते चित्र गावी येई व देवघराशेजारी लागे. ह्या हौसेत लबाडी नव्हती. आपण सुखरूप आहोत, एवढेच आईस कळविण्याची ती रीत होती. परंतु तो ज्या गाळ्यात दहावीस गाववाल्यांसह पाळीपाळीने झोपे तो गाळा, ज्या बाईच्या खाणावळीत जेवे ती खाणावळ, ज्या दारातून भोंग्याच्या हाकेसरशी आत शिरे ते गिरणीचे दार, ह्यांपैकी काहीच त्या भिंतीवर आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले. गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या, आणि पुष्कळ कामगार गावी परतले. ते कसे राहत होते हे पाहू इच्छिणाऱ्या त्यांच्या नातवंडांस घरच्या फोटोंचा उपयोग नाही. त्यांस दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांकडेच वळावे लागते. म्हणून ही चित्रे कशी काढली गेली, हा प्रश्न केवळ कलारसिकांचा राहत नाही. तो आपल्या घरचा होतो.

ह्या चित्रांकडे वळण्यापूर्वी एका मोठ्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रघुवीर सिंग (१९४२–१९९९) हे रंगीत छायाचित्रणाचे आपल्याकडील अग्रणी. मुंबईवरही त्यांचे रंगीत चित्रांचे पुस्तक १९९४ साली निघाले. १९९८ च्या आपल्या 'रिव्हर ऑफ कलर' ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी असे प्रतिपादन केले की, भारतीय दृष्टी मूळचीच रंगाची आहे, आणि काळेपांढरे चित्र हे पाश्चात्त्य मनाच्या खिन्नतेचे अपत्य आहे. ह्या मतात तथ्य आहे. ज्योतिबाच्या यात्रेतील गुलाल काळ्यापांढऱ्यात कोण पाहील? शिवाय काळेपांढरे म्हणजे अधिक खरे, ही समजूतही भ्रामक आहे. जुन्या काचांवरील रसायनास तांबड्या रंगाची जाणीवच नसे, त्यामुळे आपल्या पणज्यांच्या कपाळीचे कुंकू त्या चित्रांत काळे उमटले आहे. परंतु एवढ्यावरून हे माध्यम परके ठरत नाही. पांढरे धोतर, पांढरी बंडी आणि खांद्यावर काळे घोंगडे हा वेष ज्या माणदेशाने पिढ्यानपिढ्या पाहिला, त्यास ह्या दोन वर्णांची भाषा नवी नाही. आणि महानगरात तर रंगांची गर्दी इतकी असते की, पाट्या, जाहिराती व गाड्या ह्यांच्या गोंगाटात माणसाचा चेहरा हरवतो. काळेपांढरे चित्र हा गोंगाट थांबविते. थांबवून ते काय दाखविते, हा खरा प्रश्न आहे.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) ह्यांचे नाव राजधानीतील थोर पुरुषांच्या व राष्ट्रीय प्रसंगांच्या चित्रांमुळे सर्वश्रुत आहे. परंतु १९४२ साली दिल्लीस जाण्यापूर्वी त्यांनी मुंबईची जी साधी चित्रे काढली, ती आम्हांस अधिक मोलाची वाटतात. त्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी, त्यांच्या वर्गभगिनी, विशेषतः रेहाना मोगल, ह्या चित्रांतून वारंवार भेटतात. येथे नगर हे तमाशासारखे समोर मांडलेले नाही. शिकणाऱ्या, हिंडणाऱ्या, आपल्यातच रमलेल्या मुलींचे ते राहते ठिकाण आहे. चित्र घेणारी त्यांच्यातलीच एक असल्यामुळे कोणी सावरून बसलेले नाही. आणि तरीही ही चित्रे आरंभी त्यांचे पती माणेकशा ह्यांच्या नावावर छापली गेली! दुसऱ्यांस जिने चेहरा दिला, तिचेच नाव चित्राखाली नव्हते.

सूनी तारापोरवाला ह्यांचे 'होम इन द सिटी' हे पुस्तक २०१७ साली निघाले. 'बॉम्बे १९७७ – मुंबई २०१७' ह्या त्याच्या उपनामातच शहराचे बदललेले नाव व चाळीस वर्षांचा काळ सामावलेला आहे. ह्या चित्रांचा मुख्य गुण जिव्हाळा, आणि दुसरा गुण विनोद. परंतु तो विनोद चित्रातल्या माणसास हसत नाही. आमची तक्रार निराळी आहे. सर्व चित्रे एकाच वर्णाची असल्यामुळे चाळीस वर्षे एकमेकांत मिसळून जातात, आणि खालचे साल वाचले नाही तर आधीचे कोणते व नंतरचे कोणते हे पुष्कळदा उमगत नाही. ह्याच काळात गिरण्यांची धुराडी गेली व त्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. एवढा मोठा पालट ज्या वर्णात सौम्य होऊन जातो, त्याच्या मोहकतेस जपून राहिले पाहिजे. काळेपांढरे चित्र कालच्या गोष्टीसही शंभर वर्षांपूर्वीची शोभा देते, आणि जुने झालेले दुःख पाहणाऱ्यास टोचत नाही.

ह्या मोहातून जो सुटला असे आम्हांस वाटते, तो छायाचित्रकार म्हणजे सुधारक ओलवे. ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईत वृत्तपत्रांचे छायाचित्रकार म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले, आणि २०१६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी काढलेली कृष्णधवल चित्रमालिका हे त्यांचे मुख्य कार्य होय. उघड्या हातांनी कचरा उपसणारी, गटारात उतरलेली ही माणसे बहुतांशी दलित समाजातील आहेत. ज्या कामास शहर पहाटे पाठ फिरविते, नेमके तेच काम ओलवे समोर आणून ठेवितात.

येथे रंग वर्ज्य केल्याचे खरे प्रयोजन कळते. घाण रंगीत चित्रात दाखविली असती, तर पाहणाऱ्यास प्रथम किळस आली असती आणि त्याने पान उलटले असते. किळस ही साधी गोष्ट नव्हे. अस्पृश्यतेचे अर्धे बळ किळसेत आहे. काम घाणेरडे म्हणता म्हणता आपण माणसासच घाणेरडा म्हणू लागलो. काळ्यापांढऱ्या चित्रात चिखल, मैला व पाणी ह्यांचा एकच करडा वर्ण होतो, आणि त्यातून वर आलेला खांदा, हात आणि डोळे तेवढे उजळतात. किळस गळते, माणूस उरतो. रंग काढल्याने सत्य सौम्य झाले, असा आरोप येथे लागू पडत नाही. उलट, ज्याकडे आपण पाहतच नव्हतो त्याकडे पाहणे शक्य झाले. शिवाय ओलवे कामगारास केवळ गटारात दाखवून सोडीत नाहीत. त्याच्या खोलीत, बायकामुलांत बसलेलाही ते त्यास दाखवितात. ज्यास घर आहे त्यास नमुना म्हणता येत नाही. १८६३ साली चित्रशाळेत उभ्या केलेल्या त्या अनामिकांपासून येथवरचे अंतर खरोखर मोठे आहे.

दोन शंका मात्र उरतात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारांत माणसांचे मृत्यू होतच राहिले. चित्राने जे डोळे उघडले, त्यांनी पुढे काय केले, हे चित्रकारास विचारता येत नाही. पण प्रेक्षकास विचारता येते. दुसरी शंका अशी की, हे चित्र प्रदर्शनाच्या पांढऱ्या भिंतीवर गेले म्हणजे पाहणारा छायाप्रकाशाची वाहवा करून बाहेर पडण्याचा संभव असतो. ह्यास उपाय आमच्या मते एकच: चित्राखाली माणसाचे नाव, काम व गाव असावे. नाव वाचल्यावर ते चित्र नुसते देखणे राहत नाही. नावाने त्या माणसास त्रास पोहोचत असेल तर ते अर्थातच गाळावे. परंतु आळसाने गाळू नये.

थोर पुरुषाच्या चित्राखाली त्याचे नाव चुकत नाही. हमाल, गिरणीवाला, खाणावळवाली, सफाई कामगार ह्यांची चित्रे मात्र 'मुंबईतील एक दृश्य' एवढ्यावर भागविली जातात. त्या दृश्यात कराडचा कोणी असेल, तासगावची कोणी असेल. अशी पुस्तके आमच्या जिल्ह्यांतील वाचनालयांनी घ्यावीत, आणि ती ज्यांची आहेत त्यांच्यापुढे ठेवावीत. गिरणगावात आयुष्य काढलेले काही वृद्ध अद्याप गावोगाव आहेत. कोणते दार कोणत्या गिरणीचे, हे ते सांगू शकतात. आणि घरच्या भिंतीवरील तो रंगवलेल्या पडद्यापुढचा फोटो एकदा खाली काढून, ह्या माणसाचे नाव काय, तो कोणत्या खात्यात होता व कोणत्या चाळीत राहत होता, एवढे त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे. छायाचित्रकाराने जे अर्धे काम केले, ते पुरे करण्याचा अधिकार त्या माणसाच्या घरच्यांचा आहे, आणि त्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत.