एकट्यानं बसायची सोय

बाळकृष्ण दोशींना २०१८ साली प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. पुण्यात जन्मलेल्या या वास्तुरचनाकाराच्या बंगळुरूच्या आयआयएमचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. करड्या दगडाचे लांब कॉरिडॉर, कुठे छप्पर, कुठे नुसत्या तुळया, मध्येच उघडं आकाश. ओळखी वर्गाबाहेर होतात हे धरून दोशींनी जाण्यायेण्याच्या वाटाच रेंगाळण्याजोग्या केल्या. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की तिथे एकटा बसलेला मुलगा एकटा पडलेला दिसत नाही. वाटेत जरा टेकलाय, इतकंच. मग शेजारी कुणीही टेकू शकतं.

पण ते विद्यार्थी कॅम्पसवरच राहतात. पेण किंवा रोह्याच्या कॉलेजात शिकणारी बरीच मुलं एसटीनं नाहीतर दिवा-रोहा मेमूनं येतात. लेक्चर संपतं आणि गाडीला तासभर असतो. कासू-नागोठण्याला उतरणाऱ्या पोरांचा एकटेपणा शोधायचा तर या तासात शोधावा. वर्गाला कुलूप, लायब्ररीत बोलायचं नाही, कॅन्टीनमध्ये बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं, आणि जिन्यात उभं राहिलं की टवाळकी. उरतो एसटी स्टँड किंवा फलाट. मुलगा तिथे खांबाला टेकून वेळ काढतो. मुलीला नजरा चुकवायच्या असतात, म्हणून ती इअरफोन घालून फोनमध्ये डोकं खुपसते. फोन तिला बरोबर धरून ठेवतो. माणूस स्क्रीनवर थांबावा म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाले पगार घेऊन राबतो. तो कॉलेजच्या आवारात थांबावा म्हणून कोण राबतं?

म्हणून कॅम्पस रचनेची चर्चा हॉस्टेल आणि चकचकीत लाउंजपाशी संपते, तेव्हा ती मला अपुरी वाटते. आपल्याकडे याचं जुनं उत्तर आहे: पडवी. पाऊस लागत नाही, रस्ता दिसतो, आणि येऊन टेकणाऱ्याला ‘काय काम होतं?’ असं कुणी लगेच विचारत नाही. कॉलेजच्या फाटकाजवळ अशी एक लांब पडवी हवी. भिंतीला धरून बाक, प्यायचं पाणी, चार्जिंगचे पॉइंट, जवळच मुलींचं स्वच्छतागृह. आणि संध्याकाळची गाडी सुटेपर्यंत ती उघडी हवी. दोशींच्या दगडाला लागला तेवढा पैसा याला लागणार नाही. पण ‘इथे का बसलायस?’ हा प्रश्न मात्र कॉलेजला सोडावा लागेल, आणि मला वाटतं बांधकामापेक्षा तेच अवघड आहे.