निवडीचे मोल : व्हिडिओ गेममधील समलिंगी अनुभव

कादंबरीत वा नाटकात एखाद्या समाजगटाचे प्रतिनिधित्व कसे झाले आहे, याचा विचार करताना समीक्षा प्रामुख्याने व्यक्तिरेखांकडे पाहते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. येथे आस्वादक केवळ ग्रहण करीत नाही. तो कृती करतो आणि त्याच्या कृतीवाचून संहिता पुढे सरकत नाही. त्यामुळे गेममध्ये समलिंगी व्यक्तिरेखा आहेत की नाहीत, यापेक्षा खेळाडूच्या कृतीशी संहिता कितपत बांधील राहते, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) या दृष्टीने उद्बोधक आहे. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातील ग्रीसमध्ये घडणाऱ्या या गेममध्ये खेळाडू कसँड्रा किंवा अलेक्सिओस यांपैकी एकाची भूमिका स्वीकारतो आणि स्त्री वा पुरुष, दोहोंशी प्रेमसंबंध जोडू शकतो. स्त्रियांवरच प्रेम करणारी कसँड्रा त्यामुळे शक्य होते. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या पुरवणी-कथाभागात मात्र कसँड्राचे नाटाकास या पुरुषाशी (अलेक्सिओसचे नीमा या स्त्रीशी) नाते जुळते आणि त्यांना मूल होते. संवादांत अलिप्ततेची उत्तरे निवडली, तरी फलित तेच. या टप्प्यावर मिळणाऱ्या बक्षीसचिन्हाचे नाव होते 'ग्रोइंग अप', म्हणजे 'मोठे होणे'. खेळाडूंच्या निषेधानंतर निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली, ते नाव बदलण्याचे मान्य केले आणि प्रेमाचा मार्ग न निवडणाऱ्यांसाठी दृश्य व संवादांत फेरफार केले. मूल मात्र राहिले.

या मालिकेची मूळ कल्पनाच वंशपरंपरेवर उभी असल्याने कथानकाला संततीची गरज होती, हा बचाव अगदीच निराधार नाही. परंतु आक्षेप संततीला नसून अर्थाला आहे. समलिंगी प्रेम ही वयाची एक अवस्था आणि विवाह-अपत्य ही प्रौढता, हा रूढ समज त्या दोन शब्दांत उघडा पडतो. शिवाय, आधीचे स्वातंत्र्य ही केवळ सवलत होती, हेही उघड होते. संहितेने निवडीची मुभा दिली होती, निवडीची स्मृती ठेवली नव्हती. इतर खेळाडूंना जो एक पर्याय वाटतो, तो समलिंगी खेळाडूला आपले स्वत्व वाटू शकतो. म्हणूनच तो पुसला जाणे ही त्याच्या लेखी तांत्रिक त्रुटी नसते.

फुलब्राइट कंपनीचा 'गॉन होम' (२०१३) याच्या उलट टोकाला उभा आहे. येथे निवड जवळजवळ नाही. १९९५ च्या जूनमधील एका वादळी रात्री परदेशातून ऑरेगनमधील घरी परतलेली केटी रिकाम्या घरातील कागद, चिठ्ठ्या, वस्तू पाहत फिरते. धाकटी बहीण सॅम आणि लॉनी यांचे प्रेम तिला त्यांतून तुकड्यातुकड्यांनी कळते. रिकामे घर, वादळ, शेवटी उघडणारा माळा हे सारे भयकथेचे संकेत आहेत. त्यांच्या जोडीला, समलिंगी प्रेमाचा शेवट मृत्यूतच व्हायचा, हा कथावाङ्मयातील जुना संकेतही खेळाडूच्या मनात काम करीत असतो. माळ्याकडे जाताना वाटणारी भीती ही त्यामुळे खेळाडूने सोबत आणलेली भीती असते. माळ्यावर मृत्यू नसतो. लॉनीसोबत निघून गेलेल्या सॅमचा निरोप असतो. आपल्या अपेक्षेचा उगम शोधणे खेळाडूला भाग पडते.

या गेमलाही मर्यादा आहे. समलिंगी अनुभव येथे सॅमचा आहे; केटी त्या अनुभवाची उशिरा पोहोचलेली वाचक आहे. तरीही ती जे वाचते, ते तिला वगळता येत नाही. 'ओडिसी'मध्ये कृती मोकळी होती, पण परिणामशून्य ठरली. 'गॉन होम'मध्ये कृती मर्यादित आहे, पण प्रत्येक शोधाने जाण बदलते. यावरून निवड नसलेली संहिता श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. निष्कर्ष इतकाच, की पर्यायांची संख्या म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. खेळाडूने जे केले त्याचे उत्तरदायित्व संहितेने अखेरपर्यंत वाहिले, तरच त्या निवडीला मोल येते.