इजिप्तचें लोकनृत्य : ठेका आणि मोजणी

आपल्या तबल्याचा कैरोच्या तबल्याशीं संबंध केवळ नांवापुरता आहे. दोन्ही नांवें अरबी 'तब्ल' शब्दापासून आलीं. पण तेथील तबला हें एकच, सुरईच्या घाटाचें वाद्य, मांडीवर आडवें धरून वाजवावयाचें. पूर्वीं त्याचें भांडें मातीचें व त्यावर माशाचें कातडें असे. आतां बहुधा ॲल्युमिनियम व प्लास्टिक असतें. घुमणारा आघात 'दुम्', कडेचा 'तक्'. 'दुम् तक्, तक् दुम्, तक्' हा मकसूम. यांतील दुसऱ्या 'तक्'च्या जागीं 'दुम्' घातला कीं 'दुम् तक्, दुम् दुम्, तक्' असा सईदी, म्हणजे दक्षिणेकडील वरच्या इजिप्तचा, ठेका होतो. एका आघातानें प्रांत बदलतो! हा भेद कानानें शिकवावयाचा कीं एक ते आठ आंकडे मोजून, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

आज जगभर 'इजिप्तचें लोकनृत्य' म्हणून जें शिकवितात, त्यांतील बराच भाग महमूद रेदा (१९३०–२०२०) या एका कलावंताच्या प्रतिभेचा आहे. १९५९ सालीं त्यांनीं बंधु अली आणि फरीदा फहमी यांजसह आपली नृत्यमंडळी काढली; १९६१ सालीं ती सरकारनें आपल्याकडे घेतली. ज्या देशांत १८३४ सालीं मुहम्मद अली पाशानें धंदेवाईक नर्तकींस कैरोंतून घालवून दिलें होतें, तेथें अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाची कन्या, म्हणजे फरीदा, रंगमंचावर उभी राहिली आणि सुशिक्षित कुटुंबांनीं तिचें कौतुक केलें. रेदांचें हें ऋण कोणाही टीकाकारानें प्रथम मान्य केलें पाहिजे.

परंतु रेदा होते मूळचे कसरतपटु, आणि त्यांची दृष्टि रंगमंचाची. खेड्यांतून पाहिलेल्या चालींस त्यांनीं ओळी, वळणें व प्रवेश दिले. कांहीं नृत्यें तर नवींच रचिलीं. अलेक्झांड्रियाचें म्हणून शिकविलें जाणारें 'मिलाया'नृत्य घ्या. मिलाया म्हणजे सामान्य स्त्रीनें घराबाहेर पडतांना लपेटावयाची काळी चादर. चादर खरी, परंतु तिचें नृत्य रंगभूमीचें अपत्य आहे. रेदांनीं हें कधीं लपविलें नाहीं. आपली कृति लोककलेवरून स्फुरलेली आहे, ती लोककला नव्हे, असेंच ते सांगत. खुद्द फरीदा यांनीं १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाचा विषय रेदांच्या सर्जनाचा विकास हाच होता. कर्त्याचें नांव पुसून त्या जागीं 'परंपरा' हा शब्द लिहिला तो मागाहून आलेल्या शिक्षकांनीं.

याचा परिणाम तहतीबमध्यें स्पष्ट दिसतो. २०१६ सालीं युनेस्कोनें अमूर्त वारशाच्या यादींत घेतलेला हा लाठीचा खेळ. दोन पुरुष समोरासमोर फिरतात, लाठी उगारतात, आणि प्रतिस्पर्ध्यास इजा न करितां आपलें कौशल्य दाखवितात. जवळच आपल्या सनईच्या जातीचें मिज्मार आणि दुतोंडी ढोल वाजत असतो. वादक खेळ पाहून वाजवितो. रंगमंचावर प्रतिस्पर्धी जातो व त्याची जागा प्रेक्षक घेतो. लाठीची हलकी छडी होऊन ती नर्तकीच्या बोटांत फिरूं लागते. हें मोहक आहे, यांत वाद नाहीं. मात्र वर्गांत हीच छडी ध्वनिमुद्रित ठेक्यावर आंकडे मोजीत फिरविली जाते तेव्हां मूळचा संवाद उरत नाहीं. ध्वनिमुद्रिका नर्तकीकडे पाहत नाहीं. विद्यार्थिनीस आठ आंकडे पाठ होतात. पण सईदी सोडून मकसूम लागला तर तिचें पाऊल बिचकत नाहीं, आणि आमच्या मतें हीच तिच्या शिक्षणाची खरी उणीव होय.

आणखी एक गोष्ट मनास बोंचते. रेदांच्या मंडळीस मान मिळाला. ज्या गवाजी घराण्यांतून हें नृत्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें, त्यांस तो मिळाला नाहीं. लुक्सोरच्या माझिन भगिनींपैकीं खैरिया यांजकडे शिकावयास परदेशांतून स्त्रिया येत. त्या शिक्षणांत पाठ्यक्रम नव्हता. समोर बसून ऐकणें व पाहणें एवढेंच होतें.