विज्ञानकथांची स्पर्धा आणि परीक्षकाची परीक्षा

विषय नेमून द्यावा आणि त्यावर विज्ञानकथा मागवाव्यात, ह्या प्रथेविषयी रसिकांच्या मनात थोडी अढी असते. प्रतिभा हुकुमाची ताबेदार नव्हे, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस हा आक्षेप अर्धाच खरा वाटतो. आपल्याकडे पंडितांच्या सभेत समस्यापूर्ती होत असे. शेवटचा चरण दिलेला, उरलेले कवीने रचावयाचे. तेथे बंधनाने कवित्व मेले नाही. उलट खरा कवी कोण आणि नुसता यमक्या कोण, हे चटकन उघड झाले. किंबहुना नेमलेल्या विषयाने लेखकाहून परीक्षकाचीच कसोटी अधिक लागते, असे आमचे मत आहे. त्याच्या समर्थनार्थ दोन स्पर्धांची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

पहिली अमेरिकेतील. ह्यूगो गर्न्सबॅक ह्यांनी १९२६ च्या एप्रिलमध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकावर फ्रँक पॉल ह्या चित्रकाराचे एक विलक्षण चित्र छापले गेले. एका प्रचंड गोलाखाली भलीमोठी आगबोट अधांतरी लटकली आहे आणि काही विचित्र प्राणी तो देखावा पाहत आहेत! ह्या चित्राला साजेशी कथा लिहावी, तीन कथांना मिळून ५०० डॉलर देऊ, असे गर्न्सबॅक ह्यांनी जाहीर केले. पहिले पारितोषिक सिरिल वेट्स ह्यांना मिळाले. तिसरे, १०० डॉलरचे, क्लेअर विंगर हॅरिस ह्या लेखिकेला. तिची कथा, ‘पोसायडोनियाचे प्राक्तन’, १९२७ च्या जूनच्या अंकात आली.

ह्या कथेत नेमलेला विषय कसा पचविला आहे, हे पाहण्याजोगे आहे. बोट आकाशात कशी गेली, एवढेच सांगून ती थांबत नाही. मंगळावर पाण्याचा दुष्काळ; म्हणून तेथील लोक पृथ्वीवरील समुद्रांचे पाणी पळवीत आहेत, अशी कल्पना तिने मांडली. बोटीचे हरण हा त्या मोठ्या चोरीतील एक प्रसंग होय. दिलेले चित्र तिने कथेला चिकटविले नाही. कथेतून ते आपसूक उगवले. नेमल्या विषयावरील कथेत आम्ही सर्वप्रथम हेच शोधू. कथेत दोषही आहे. परक्या दिसणाऱ्या माणसाविषयी निवेदकाला प्रथमदर्शनीच जो तिटकारा वाटतो, तो कथेने निमूटपणे खरा ठरविला आहे.

परंतु हाच दोष खुद्द परीक्षकालाही बाधला. पारितोषिक देतानाच गर्न्सबॅक ह्यांनी असा शेरा मारला की, स्त्रियांचे शास्त्रीय शिक्षण आणि कल बेताचाच असल्याने अशा कथा त्यांना सहसा साधत नाहीत. ही लेखिका म्हणजे अपवाद. गुण दिसला, तो मान्यही केला. पण नावावर नजर जाताच तो गुण लेखिकेच्या पदरी न पडता अपवादाच्या खाती जमा झाला. हा अन्याय पारितोषिक नाकारण्याइतका ढळढळीत नव्हे, म्हणूनच तो अधिक काळ टिकतो.

दुसरी हकीकत आपल्या घरची आहे. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तीत ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंच्या अक्षरात पाठविली होती. १९६५ सालीच पद्मभूषण झालेल्या ह्या खगोलशास्त्रज्ञाचे खरे नाव कागदावर दिसते, तर कोणत्या परीक्षकाची लेखणी दबकली नसती? एकीकडे नावाने गुणाची किंमत उतरविली, दुसरीकडे नाव ती फुगवील हे लेखकाने आधीच ताडले. रोग एकच.

नाव झाकल्यावर मात्र परीक्षकाला कथेकडेच पाहावे लागते, आणि तेथे आम्ही एकच प्रश्न विचारू. विज्ञान काढून घेतले तर कथा उभी राहते काय? कृष्णविवराच्या प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे विज्ञान होय. तेथून परतलेल्या तरुण प्रवाशाला घरी आपलीच नातवंडे वृद्ध झालेली भेटावीत, ही कथा होय. पहिले काढले की दुसरी कोसळते. तेव्हा दोहोंचे नाते खरे. उलट, यानाऐवजी आगगाडी घातली तरी ज्या कथेचे काही बिघडत नाही, ती कितीही रसाळ असो, ह्या स्पर्धेतील नव्हे.

राहता राहिले हरलेले लेखक. त्यांना नुसता नकार मिळतो, कारण मिळत नाही. पहिलीच कथा धाडणाऱ्या एखाद्या मुलीला तीन ओळींचा कारणासहित अभिप्राय मिळाला, तर ती दुसरी कथा लिहील. न मिळाला, तर विषयच आपल्या आवाक्याबाहेरचा होता, अशी समजूत करून घेऊन ती लेखणी ठेवील. म्हणून स्पर्धा चालविणाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, पारितोषिकाची रक्कम थोडी कमी केली तरी चालेल. पण नावे झाकावीत आणि प्रत्येक कथेला कारण लिहून द्यावे.