ख्रिस्ती सिद्धान्तातील पाप आणि मराठी ‘पाप’

मराठी बायबलात ‘पाप’ हा शब्द वाचकाला कोठेही अडवीत नाही. तो त्याचा नित्य परिचयाचा आहे. आणि ह्या परिचयामुळेच मूळ सिद्धान्ताविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे.

मराठीत पाप घडते, लागते, साचते, फिटते व धुतले जाते. पापाचा घडा भरतो. ह्या साऱ्या प्रयोगांत पाप म्हणजे कृतीतून उत्पन्न होणारी आणि मोजता येणारी एक वस्तू होय. ‘पाप-पुण्य’ ह्या जोडशब्दाने तर जमाखर्चाच्या दोन बाजूच समोर मांडल्या आहेत. एक बाजू वाढली की दुसरीने ती भरून काढावयाची, हा न्याय त्यात गृहीत आहे.

नव्या करारातील ‘हामार्तिआ’ ह्या ग्रीक शब्दाचा धात्वर्थ निराळा आहे. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. जुन्या करारातील संबंधित हिब्रू धातूही शास्त्यांच्या विसाव्या अध्यायात गोफणीचा नेम न चुकण्याच्या संदर्भात आला आहे. अर्थात केवळ व्युत्पत्तीवरून सिद्धान्त ठरत नाही. प्रयोग पाहावा लागतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत पौल हा शब्द बहुधा एकवचनी योजतो व त्याला कर्तृत्व देतो. पाप जगात शिरते, राज्य करते, फसविते, ठार मारते, माणसात वस्ती करते. येथे पाप ही सुट्या कृत्यांची बेरीज नव्हे. माणसाला अंकित करणारी ती सत्ता आहे. कृत्ये ही तिची लक्षणे होत.

परिणामाच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. सहाव्या अध्यायाच्या अखेरीस पापाचा मोबदला मृत्यू असल्याचे सांगताना पौलाने ‘ओप्सोनिया’, म्हणजे शिपायाचे वेतन, हा शब्द वापरला आहे. कर्मफलाच्या कल्पनेशी परिचित असलेला वाचक येथे साहजिकच पुण्याच्या वेतनाची अपेक्षा करील. परंतु वाक्याच्या उत्तरार्धात वेतन नाही, दान आहे. मृत्यू कमाविलेला असतो. जीवन कमाविता येत नाही. ख्रिस्ती विचारात पापाचा प्रतियोगी पुण्य नसून कृपा आहे, हे ह्या विषम रचनेवरून दिसते.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हे रूपक आले आहे. मराठी परंपरेत देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही जन्मतःच माणसावर असतात. जन्माबरोबर येणारे दायित्व म्हणून मूळ पापाची कल्पना समजण्यास त्यांचे साहाय्य होते. परंतु ही ऋणे यज्ञ, अध्ययन आणि संतती ह्यांनी फेडता येतात. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातील दृष्टान्तात दासाचे देणे 10,000 तालांत आहे. एक तालांत सुमारे 6,000 दीनारांचा आणि दीनार ही एका दिवसाची मजुरी, असे धरल्यास ते देणे 6 कोटी दिवसांच्या श्रमाइतके होते. आकड्याचा हेतू उघड आहे: हे ऋण फिटणारे नाही, ते सोडावेच लागते. ते सुटल्यावर तोच दास सोबत्याकडील 100 दीनारांसाठी त्याचा गळा धरतो. क्षमा मिळूनही हिशेबाची वृत्ती न सुटणे, हा पापाचा सर्वांत सूक्ष्म परिणाम येथे दाखविला आहे.

ख्रिस्ती परंपरा ह्या प्रश्नी सर्वस्वी एकमुखी नाही. रोमकरांच्या पाचव्या अध्यायातील एक ग्रीक शब्दप्रयोग लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्यात’ असा वाचला गेला. त्या आधारे ऑगस्टिनने आदामात सर्वांनीच पाप केले असा अर्थ लावला. ग्रीक प्रयोगाचा अर्थ मात्र आज बहुधा ‘कारण’ असा करतात. 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने मूळ पापाचा सिद्धान्त निश्चित केला. पौर्वात्य चर्चने वारशाने मर्त्यता येते असे मानले. आदामाचा दोष प्रत्येकाच्या माथी येतो, ह्यावर तिने भर दिला नाही.

तेव्हा ‘पाप’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या तोडीचा दुसरा शब्द मराठीत नाही. मात्र पुण्याशी असलेली त्याची जोडी सोडविल्यावाचून त्या सिद्धान्ताचे खंडन वा मंडन करणे म्हणजे वस्तुतः मराठीतील एका जोडशब्दाशीच वाद घालणे होय.