मालकांच्या बाजूने पाहिलेला पराभव

'धिस वॉज द एक्सएफएल' (२०१७) हा माहितीपट २००१मध्ये एकाच हंगामात बंद पडलेल्या अमेरिकन फुटबॉल लीगवर आहे. ती काढली डब्ल्यूडब्ल्यूईवाल्या विन्स मॅकमहनने आणि दिग्दर्शक चार्ली एबरसोलच्या वडिलांनी, डिक यांनी. चार्ली त्यांची दोस्ती जिव्हाळ्याने दाखवतो. मला खटकतं ते हेच: मालकांचं अपयश हळवं होतं, खेळाडूंची रोजीरोटी मागे पडते.

पुढे २०१९मध्ये चार्लीनेच नवी लीग आणली. तिच्यातल्या ऑरलँडो अपोलोजने आठपैकी सात सामने जिंकले, आणि हंगामाच्या मध्येच लीग गुंडाळली गेली. अंतिम सामना झालाच नाही. अपोलोजचे खेळाडू आठवून हा माहितीपट पुन्हा पाहा. त्यातला हळवेपणा पचत नाही.